मधुनाशिनीची पाटी

सिल्वासाच्या एका मोठ्या उद्यानात वनस्पतींचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे मी गेली तीन वर्षे जवळजवळ रोज सकाळी जातो आणि रोज मला तेथे किळस येते. बागेविषयी लिहिणाऱ्याने असे लिहू नये, हे मला कळते. परंतु मी लिहायला फार उशिरा लागलो आहे. जे लिहीन ते निदान खोटे नसावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालो. इतरांनी केलेल्या मसुद्यांची भाषा नीट करणे, हे माझे आयुष्यभराचे काम. त्याआधी कोकणातून मुंबईला जाऊन संस्कृत घेऊन एम.ए. झालो होतो. त्यामुळे शिरीष, कदंब, अर्जुन, सप्तपर्ण ही नावे मला पाठ होती आणि त्यांपैकी एकही झाड ओळखता येत नव्हते. टोकरखाड्यात आमच्या इमारतीसमोरच एक झाड होते. हिवाळ्याच्या तोंडाला त्याला फुले आली की त्या वासाने डोके दुखते म्हणून मी खिडकी लावून घेत असे. तोच सप्तपर्ण, हे मला निवृत्तीनंतर एका रखवालदाराने सांगितले. ती गोष्ट मनाला लागली. एकसष्टाव्या वर्षी मी रद्दीच्या दुकानातून महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे एक जुने पाठ्यपुस्तक आणले, एक भिंग घेतले, एक कोरी वही घेतली आणि बागेत जाऊ लागलो.

पुस्तकातला पहिला धडा पानांचा होता. फांदीवर पाने समोरासमोर जोडीने येतात की एकाआड एक, हे सर्वांत आधी पाहावे, असे त्यात सांगितले होते. त्याप्रमाणे दिसेल त्या फांदीची पाने मी पाहू लागलो. लोकांच्या नजरेला येऊ नये म्हणून भिंग रुमालात गुंडाळून ठेवत असे.

पण पाने पाहण्यासाठी झुकले की दुसरेही पुष्कळ दिसत असे. बांबूच्या बेटात एकही बांबू असा नव्हता की ज्यावर कोणी किल्लीने आपले नाव कोरलेले नाही. घायपाताच्या जाड पानांवर बदामाच्या आकृत्या होत्या आणि त्या जखमांच्या कडा तपकिरी होऊन फुगल्या होत्या. वडाच्या बुंध्याला कमरेइतक्या उंचीपर्यंत गेरूच्या रंगाचा तैलरंग फासला होता आणि त्याच्या पारंब्या केस कापावेत तशा एका रेषेत कापल्या होत्या. कमळाच्या टाक्यात वेफर्सच्या पुड्या तरंगत आणि त्यांच्या चकाकत्या आतल्या बाजूला डासांची अंडी चिकटलेली असत. अर्जुनाच्या पाटीवर कुळाचे नाव होते, ते गुटख्याच्या पिचकारीखाली गेले होते. पाण्याच्या नळापाशी सकाळी फिरायला येणारे गृहस्थ घसा खाकरून साफ करीत. ते सारे नळाखालच्या शेवाळावर तसेच लोंबत राही, आणि त्याच नळाला ओंजळ लावून पाठोपाठ दुसरे गृहस्थ पाणी पीत.

माझी पत्नी एकदाच आली होती. अर्धी फेरी झाल्यावर म्हणाली, "यापेक्षा दादऱ्याचा तलाव बरा. तिथं निदान कडेला उभं राहता येतं. इथं झाडांचा नाही, माणसांचा वास येतो." त्यानंतर ती पुन्हा आली नाही.

वनस्पती विभागाच्या अगदी टोकाला औषधी वनस्पतींचे वाफे होते. प्रत्येक वाफ्याशी पत्र्याची एक पाटी होती. पाटीवर वनस्पतीचे नाव आणि खाली एका ओळीत तिचा उपयोग. अडुळसा, खोकल्यावर. पानफुटी, मुतखड्यावर. मधुनाशिनी, मधुमेहावर. नावावर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते. पण त्या खालच्या ओळीने जो उपद्रव केला तो मी प्रत्यक्ष पाहिला आहे.

सकाळी फिरणाऱ्यांचा एक गट होता. बहुतेक निवृत्त, आमच्याच भागातले. त्यांच्या तीन फेऱ्या झाल्या की सगळे वाफ्यांपाशी जमत आणि जो तो आपापल्या आजाराच्या पाटीसमोर उभा राही. याला ते ‘नाश्ता’ म्हणत. दोन पाने तोडायची, पँटीला पुसायची, डोळे मिटून चावायची आणि राहिलेला चोथा त्याच झाडाच्या मुळाशी थुंकायचा. प्रत्येक वाफ्याच्या कडेने अशा हिरवट, तारा सुटलेल्या गोळ्यांचे कडे तयार झाले होते आणि त्यांवर माश्या बसत. या कड्याच्या बाहेरून मी माझी वही लिहीत असे.

मधुनाशिनीची पाटी शेवटच्या वाफ्यात होती. तेथे चार बांबू रोवून छोटा मांडव केला होता आणि त्यावर एक वेल चढली होती. मी त्या वाफ्याकडे पहिल्यांदा गेलो त्याच सकाळी एक तांबूस कुत्रा आला. त्याचा एक कान फाटलेला होता. त्याने सगळे वाफे हुंगले, मधुनाशिनीच्या बांबूपाशी थांबला, आणि एक पाय वर करून आपला विधी उरकला. वेलीची खालची पाने ओली होऊन टपटपू लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. स्कूटर लावण्याच्या जागेकडून आणखी एक कुत्रा येई, तोही त्याच बांबूची निवड करी. मी या क्रियेसाठी ‘विधी’ हा शब्द वापरला आहे, कारण दुसरा शब्द लिहिताना माझा हात अडखळतो. बोलताना तर तो माझ्या तोंडून कधीच निघाला नव्हता.

आमच्या शेजारच्या घरात राहणारे गृहस्थ धुळ्याकडचे. तरुणपणी येथील एका सुताच्या कारखान्यात आले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. मी त्यांना भाऊ म्हणत असे. ते मला सर म्हणत, मी कधीच शिक्षक नव्हतो तरीही. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह होता आणि ते नियमाने गोळ्या घेत. दिवाळीनंतर ते फिरायला येऊ लागले, मधुनाशिनीची पाटी त्यांच्या वाचनात आली, आणि महिन्याभरात त्यांनी गोळ्या बंद केल्या.

"गोळी म्हणजे शेवटी केमिकल," ते म्हणत. "अख्खी नोकरी केमिकलच्या वासात काढली. आता ते पोटात कशाला?"

ते नेमकी खालची पाने तोडीत. जून पान जास्त गुणकारी, असे त्यांचे मत होते.

"काय बघू राहिले, सर? घ्या की एक," त्यांनी मला एकदा पान पुढे केले. "कडू नाही, काही नाही."

"मला साखर नाही, भाऊ."

"नाही म्हणजे होणारच नाही, असं लिहून दिलंय का कोणी? आधीच खाऊन ठेवा."

गटातले एक जण म्हणाले, "सरांना पान चावायला नाही, मोजायला लागतं." सगळे हसले. मी ते पान हातात धरून राहिलो आणि ते पुढे गेल्यावर खाली टाकले. मग घरी येईपर्यंत तो हात मी शरीरापासून दूर धरला होता. त्या क्षणी मी एक वाक्य बोलायला हवे होते. ते वाक्य मला तयार होते, पण चार गृहस्थांच्या देखत, सकाळच्या वेळी, एका माणसाच्या तोंडात पान असताना ते कसे उच्चारावे हे मला कळले नाही. मी स्वतःची समजूत घातली की पँटीला पुसल्याने पुरेसे होत असेल.

बागेच्या फाटकाबाहेर फाफडा-जिलबीची गाडी लागे. बागेतून निघताना भाऊ तेथे थांबत. "पान पोटात, जिलबी पाठोपाठ," असा त्यांचा हिशोब होता. "आत गेल्यावर पान तिला खाऊन टाकतं. वर्षानुवर्षं तोंडाला कुलूप होतं, आता पाटीनं उघडलं."

माघ महिन्यात एके दुपारी त्यांची पत्नी आमच्याकडे आली. मी त्यांना वहिनी म्हणतो. त्या माझ्या पत्नीशी बोलत बसल्या, पण मधूनमधून माझ्याकडे पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भावजी, यांच्या पायाच्या अंगठ्याला फोड आला होता, नवीन बुटानं. महिना होत आला, भरत नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, पान चालू आहे, भरेल. तुम्ही झाडांचं शिकता ना? ती वेल खरंच कामाची आहे का, तेवढं बघून सांगा. माझं ऐकायचे नाहीत ते. तुमचं ऐकतील, तुम्ही शिकलेले."

"बघतो," मी म्हणालो. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्यांचा मोजा मी धुते, भावजी. त्याला वास येतो."

दुसऱ्या दिवशी गट येण्यापूर्वी मी मांडवाशी गेलो. पुस्तकात मधुनाशिनीचे वर्णन होते : पाने समोरासमोर, जोडीने, मऊ लव असलेली. मांडवावरच्या वेलीची पाने एकाआड एक होती आणि लव नव्हती. मी पाच फांद्या पाहिल्या. पाचही तशाच. ती मधुनाशिनी नव्हती. हे मला तेव्हाच कळायला हवे होते, आणि एका अर्थी कळलेही होते. पण मग मनात येऊ लागले की पुस्तक जुने आहे. कोवळ्या आणि जून फांद्यांत फरक पडत असेल. पाटी करणाऱ्याने माझ्यापेक्षा अधिक पाहिले असेल. आयुष्यभर मी वरून आलेल्या कागदातला मजकूर खरा धरून केवळ त्याची भाषा सुधारली होती. पत्र्यावर रंगवलेल्या चार शब्दांपुढे माझी दीड वर्षाची वही मला फार पोरकट वाटली.

तरी एकदा प्रयत्न केला.

"भाऊ, या वेलीची पानं..."

"हं?"

"एकाआड एक आहेत."

"मग काय जोडीनं तोडू?" ते म्हणाले.

सगळे मोठ्याने हसले. मीही हसलो. तेव्हा मी हसलो होतो, हे मला विसरता येत नाही.

जिन्यात वहिनी भेटत. "बघितलंत का?" त्या विचारत. "बघतोय," मी म्हणे. असे तीन आठवडे गेले. भाऊंनी बूट सोडून चप्पल घातली. मग चपलेत पाय घालताना ते कठड्याचा आधार घेऊ लागले. एका सकाळी ते माझ्या शेजारी बाकावर बसले तेव्हा मला तो वास प्रथमच आला. गोडसर, कोंदलेला, फुलदाणीतले पाणी बरेच दिवस न बदलल्यासारखा. मी किंचित सरकून बसलो. ते बोलत राहिले. मी सरकलो हे त्यांना दिसले असावे, कारण त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतला.

होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही फाटकाबाहेर गाडीपाशी उभे होतो. भाऊंनी जिलबी तोंडात घातली. पाक त्यांच्या मनगटापर्यंत ओघळला. "आज काय जमलीय," ते म्हणाले. "नुसता मध."

त्या दिवशी दुपारी मी पुस्तकातले ते पान पुन्हा उघडले. वर्णनाच्या खाली बारीक अक्षरांत एक टीप होती. ती मी पूर्वी वाचलीच नव्हती, कारण तिच्यात पानांच्या रचनेविषयी काही नव्हते. मधुनाशिनीचे पान चावल्यास काही वेळ जिभेला गोड चव कळत नाही, असे तीत म्हटले होते.

मी ती टीप तीनदा वाचली. भाऊ पान चावत आणि पाच मिनिटांत जिलबी खात. गेले चार महिने ती त्यांना गोड लागत होती.

यानंतरही मी थेट बोलायला गेलो नाही. टीप चूक असेल तर, हा विचार होताच. संध्याकाळी मी बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून मधुनाशिनीचे चूर्ण आणले. घरी आल्यावर चिमूटभर जिभेवर फिरवून खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला. तो वाळूच्या खड्यासारखा होता. कडक, थंड, निव्वळ खनिज. पत्नीने पाहिले, म्हणाली, "बघू." तिनेही चूर्ण चाटले, साखर तोंडात घातली, मोरीकडे गेली आणि थुंकून आली. "हे काय भलतंच," ती म्हणाली. "जीभ मेल्यासारखी झाली."

राहिले ते बागेतले पान. सोमवारी सूर्य वर येत असतानाच मी तेथे पोहोचलो. बांबूचा पायथा नुकताच ओला झालेला होता. मी शक्य तितके वरचे पान तोडले, पण मांडव माझ्या खांद्याहून उंच नव्हता आणि वाऱ्याने, शिंतोड्यांनी, लोकांच्या हातांनी काय कुठवर गेले असेल याचा हिशोब मला लागेना. मी ते नळाखाली धुतले. नळाच्या तोंडाशी आदल्या दिवशीचे काहीतरी वाळून चिकटले होते. तीनदा धुतले आणि तोंडात टाकले.

ते पान कडू नव्हते. भाऊ त्याबाबतीत खरे बोलत होते. ओल्या गवतासारखी चव, जरा बुळबुळीत. दातांखाली ते फाटताना मला नळ, शेवाळ, माश्यांचे कडे आणि तो फाटका कान हे सारे एकामागून एक दिसले. घशातून उमासा आला. मी तो आवरला, कारण ओकारी झाली असती तर पुन्हा दुसरे पान चावावे लागले असते. मग चोथा थुंकला आणि खडीसाखर तोंडात घातली. ती गोड लागली. इतकी गोड साखर मी कधी खाल्ली नव्हती, आणि त्या गोडीचीच मला शिसारी आली.

"साहेब, तुमी पन खायला लागले?"

मागे माळीकाम करणारी बाई उभी होती. दुधनीकडच्या एका पाड्यावरून ती येते; बागेत सगळे तिला बेन म्हणतात.

"बेन, ही वेल कधी लावली?" मी विचारले.

"ही कोन लावील? ही आपली आपन आली. ती आदुगरची होती ना, ती उन्हाळ्यात मेली. पावसात ही निंगाली, चढली."

"मग तुम्ही हिला पाणी का घालता?"

"पाटी हाय ना," ती म्हणाली. "पाटीच्या जागंला पानी घालायचं, असं सांगलंय."

मी फाटकाबाहेर जाऊन गाडीपाशी थांबलो. तासाभराने गट आला. भाऊ सर्वांत मागे होते, टाच टेकून चालत होते. त्यांनी जिलबी घेतली तेव्हा मी कागदाची पुडी पुढे केली.

"भाऊ, आधी हे जिभेवर फिरवा."

"काय आहे?"

"मधुनाशिनी. दुकानातली."

"मी ताजी खाऊन आलोय, सर."

"तरी घ्या. माझ्यासाठी."

मी त्यांच्याकडे पूर्वी कधी काही मागितले नव्हते. त्यांनी पुडी घेतली, चूर्ण चाटले, तोंड वाकडे केले. "जहर आहे हो," म्हणाले आणि चव घालवण्यासाठी जिलबीचा मोठा घास घेतला. चावता चावता थांबले. मग दुसरा घास घेतला. गाडीवाल्याकडे वळून म्हणाले, "काय रे, आज पाकात साखर टाकली नाही का?"

"काका, सवारथी बधा आ ज खाय छे," गाडीवाला गुजरातीत म्हणाला. सकाळपासून सगळे हीच खात होते.

गटातल्या एकाने त्यांच्याच कागदातला तुकडा उचलून खाल्ला. "गोड आहे की. नेहमीसारखीच."

भाऊ माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "खऱ्या मधुनाशिनीनं जिभेला असं होतं. मांडवावरची वेल ती असती, तर चार महिन्यांत तुम्हाला एकही जिलबी गोड लागली नसती."

"मग चार महिने मी काय खात होतो?"

"मला माहीत नाही."

"घ्या, सरांनाही माहीत नाही," मागून कोणीतरी म्हणाले. दोघे-तिघे हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी हातातली जिलबी कागदात परत ठेवली, बोटे रुमालाला पुसली आणि कोणाची वाट न पाहता टाच टेकत निघून गेले.

त्याच दुपारी वहिनी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर पट्टी बदलत होते. वर न पाहता म्हणाले, "दोन-तीन आठवडे आधी आणलं असतं, तर कदाचित वाचला असता." बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्यामुळे पाय तरी राहिला." मी त्यांच्या पिशवीकडे पाहत होतो. पिशवीत धुतलेल्या मोज्यांची एक जोडी होती.

त्यानंतर मी मला येत असलेले एकमेव काम केले. उद्यानाच्या कार्यालयाला पत्र लिहिले. तीनदा मसुदा केला, एकही शब्द अधिक राहू दिला नाही, पोच घेतली. पाटी जागच्या जागी राहिली. मग मी स्वतः मांडवाशी उभा राहू लागलो. भाऊ नसले तरी त्यांची जागा रिकामी राहिली नव्हती. दोन नवे मधुमेही आले होते. मी त्यांना पानांची रचना समजावून सांगितली, पुस्तकातले चित्र दाखवले, आधीची वेल उन्हाळ्यात मेली हेही सांगितले. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले. एक जण म्हणाले, "पाटी सरकारी आहे, साहेब. तुमची वही कुठली?" आणि पान तोडून पँटीला पुसले.

बेन जवळच खुरपत होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्या पानाव कुतरा मुततो. रोज."

पहिल्याने जागच्या जागी थुंकले. दुसऱ्याचे पान हातातच होते. ते त्याने झटकून फेकले आणि नळाकडे धावला. दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्या गटाला कळली. तेव्हापासून त्या वेलीला कोणी हात लावलेला नाही. शेजारच्या वाफ्यांवरचा नाश्ताही बंद झाला.

ते दोघे गेल्यावर मी विचारले, "बेन, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कोनी इचारलं?" ती म्हणाली. "तुमी तर रोज हितंच उभे ऱ्हायचे, रोज बघायचे. साहेब लोक बोलत नाय, म्हंजे चालत आसंल, आसं वाटलं. मग तुमीच खाल्लं."

अक्षय्यतृतीयेनंतर भाऊ पुन्हा बागेत येऊ लागले. हातात काठी, पायात डॉक्टरांनी सांगितलेली रुंद चप्पल. एक फेरी पुरी करवत नाही, म्हणून वाफ्यांसमोरच्या बाकावर बसतात. पहिल्याच सकाळी मी त्यांच्या शेजारी बसलो. या वेळी सरकलो नाही, जरी आता सरकण्याचे काही कारणही उरले नव्हते.

ते मांडवाकडे पाहत होते. मग म्हणाले, "ते कुत्र्याचं लोक सांगू राहिले. खरं का, सर?"

"खरं."

"तुम्ही बघितलं होतं?"

"हो."

"केव्हा?"

मी काहीही सांगू शकलो असतो. "तुम्ही पहिलं पान तोडलंत, त्याच्या आधीपासून," मी म्हणालो.

त्यांनी काठीच्या टोकाने जमिनीवरचा एक वाळका चोथा बाजूला सारला. "पानं एकाआड एक आहेत, हे मला सांगितलंत. आणि हे नाही सांगितलं."

"ते मला बोलवेना."

"अहो सर, मी शेतात वाढलेला माणूस. ते ऐकलं असतं ना, तर त्याच जागी थुंकलो असतो. दुसऱ्या दिवशी गोळी चालू." त्यांचा आवाज चढला नव्हता. सुताच्या चुकीच्या गाठीमुळे कारखान्यातली अख्खी रात्रपाळी वाया गेल्याचे ते कधीकधी सांगत, तशाच स्वरात ते हे बोलले.

तांबूस कुत्रा वाफ्यांच्या कडेने येत होता. त्याने अडुळसा हुंगला, पानफुटी हुंगली आणि मांडवापाशी थांबला. भाऊंनी कोपराने मला हलकेच ढोसले.

"बोला आता."

"कुत्रा मुततोय," मी म्हणालो.

"हं," भाऊ म्हणाले, आणि उठण्यासाठी त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकला.